उपक्रांतिक द्रवातील शर्करा-रूपांतर

उकळबिंदूच्या वर तापवलेल्या, पण दाबाखाली द्रवच राहिलेल्या पाण्यात किंवा पाणी-एथॅनॉल मिश्रणात साध्या शर्करांपासून दुर्मिळ शर्करा बनवण्याची पद्धत. पाणी १०० ते ३७४° से. या टप्प्यात उपक्रांतिक असते. ३७४° हे त्याचे क्रांतिक तापमान. शर्करांसाठी इतके तापवावे लागत नाही. २००° च्या आतच बहुतेक काम उरकते आणि त्या तापमानाला पाणी द्रव ठेवण्यास वातावरणाच्या सुमारे १५ पट दाब पुरतो.

निसर्गात अत्यल्प आढळणाऱ्या एकशर्करांना दुर्मिळ शर्करा म्हणतात. त्यांतली सर्वांत चर्चेतली अल्युलोज (जुने नाव सायकोज). तिची गोडी साखरेच्या सुमारे ७०%, तर ऊर्जा ग्रॅमला जेमतेम ०.४ किलोकॅलरी. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनावरील ‘एकूण साखर’ या आकड्यातून तिला वगळण्यास मुभा दिली आणि खाद्योद्योगाचे लक्ष तिच्याकडे वळले.

मूळ विक्रिया जुनी आहे. लोब्री द ब्रॉयन आणि आल्बर्डा फान एकेनश्टाइन या डच रसायनज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले की, अल्कधर्मी विद्रावात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज एकमेकांत बदलतात. शर्करेचे वलय उघडते, एनेडायॉल हा मधला रेणू तयार होतो आणि तो पुन्हा मिटताना हायड्रोजनाची जागा बदललेली असते. याच वाटेने फ्रुक्टोजपासून अल्युलोज, गॅलॅक्टोजपासून टॅगॅटोज आणि दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टुलोज मिळते. लॅक्टुलोज म्हणजे बद्धकोष्ठतेवर डॉक्टर देतात तेच गोड औषध. दूध फार तापवले की त्यातही ते थोडे तयार होते. म्हणून दुधाला किती उष्णता दिली हे त्याच्या प्रमाणावरून ओळखता येते.

गरम दाबयुक्त पाण्यात अल्कली न घालताही ही विक्रिया घडते, कारण तापमानाबरोबर पाण्याचे स्वतःचे आयनीभवन बरेच वाढते. अडचण वेगळीच आहे. त्याच उष्णतेत फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल बनते. त्याचे पुढे लेव्ह्युलिनिक व फॉर्मिक अम्लांत विघटन होते. विद्राव आम्लधर्मी झाला की हवे ते रूपांतर मंदावते आणि नको ती विघटने चालूच राहतात. द्रव बारीक, तापवलेल्या नळीतून पंपाने वाहता ठेवून बाहेर येताच थंड करतात, ते यासाठीच. या पद्धतीतले खरे कसब तापवण्यात नाही, वेळीच थांबवण्यात आहे.

जपानमधील क्योटो विद्यापीठात शुजी अदाची व सहकाऱ्यांनी पाण्यात एथॅनॉल मिसळून यातून चांगली वाट काढली. एथॅनॉलचे प्रमाण वाढवले की रूपांतर वेगाने व अधिक होते आणि उपपदार्थ कमी राहतात. शिवाय एथॅनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते.

तरीही निघालेला द्रव हे अनेक शर्करांचे मिश्रणच असते. त्यातून हवी ती शर्करा क्रोमॅटोग्राफीने वेगळी काढणे खर्चिक पडते, आणि अल्युलोजचा उतारा तर फारच तुटपुंजा. एंझाइम मात्र नेमके काम करते: कागावा विद्यापीठातील केन इझुमोरी यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या एपिमरेज मार्गाने फ्रुक्टोजच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश भागाचे अल्युलोज होते. बाजारात मिळणारे अल्युलोज आज एंझाइमांनीच बनवले जाते.