गंगाखेडच्या आसमंतांतील दोन रणांगणें

गंगाखेड म्हटलें कीं जनाबाईची आठवण होते आणि गोदावरीचा घाट डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु या तीर्थाच्या आसमंतांत, अवघ्या साडेतीन वर्षांच्या अंतरानें, मराठे व निजाम यांच्यांत दोन निकराचीं युद्धें झालीं : एक दक्षिणेस उदगिराकडे, दुसरें नदीच्या वरच्या अंगास राक्षसभुवनीं.

उदगीरचा किल्ला आजहि पाहावयास मिळतो. खंदक आहे, बुरूज आहेत, वाड्यांचे अवशेष व शिलालेख आहेत. ज्याच्यावरून गांवास नांव पडलें असें सांगतात, त्या साधूचें स्थानहि आंतच आहे. गंमत एवढीच, कीं लढाईचा शेवट या तटाखालीं झाला नाहीं. १७६० च्या फेब्रुवारींत निजामाची फौज औशाच्या रोखानें हटत असतां सदाशिवरावभाऊंनीं तिला उघड्या माळावर गांठलें. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा या मोहिमेंत पेशव्यांकडे होत्या. तहांत ६० लाखांचा मुलूख मिळाला; नांव मात्र किल्ल्याचें झालें.

पुढच्याच वर्षीं पानिपत झालें, आणि ही कमाई डळमळली. १७६३ त निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. माधवराव पेशव्यांचें वय तेव्हां अठरा वर्षांचें. ऑगस्टांत निजाम कांहीं फौजेनिशीं गोदावरी उतरून उत्तर तीरास गेला; दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावरच राहिला. १० ऑगस्टला मराठे त्याजवर तुटून पडले. राघोबादादा वेढले गेले, तेव्हां माधवरावांनीं धांवून त्यांस सोडविलें. दिवाण ठार झाला. नदी दुथडी भरलेली. पैलतीरावरून निजामास कुमक धाडतां येईना.

तट नाहीं, बुरूज नाहीं. जें काम एरव्हीं खंदक करतो तें येथें पावसाळ्यानें केलें. म्हणून किल्ल्यांचे शोधक राक्षसभुवनास फारसे फिरकत नाहींत. तेथें गर्दी होते ती शनीच्या दर्शनास. वस्तुतः दोहोंत अधिक मोलाचें रणांगण हेंच. पानिपतानंतर सुमारें अडीच वर्षांनीं पेशवाई सांवरली ती याच वाळवंटांत.

तेथील खरा अवशेष म्हणजे पुराचें पाणी. पण १९७६ सालीं वर पैठणास जायकवाडीचें धरण पुरें झालें, आणि तेव्हांपासून पूर बहुधा त्याच्या भिंतीआड अडतो. जायकवाडीचे दरवाजे उघडले म्हणजेच राक्षसभुवनाजवळ नदी पूर्वीसारखी फुगते, आणि तेंच पाणी पुढें गंगाखेडच्या घाटाच्या पायऱ्या चढूं लागतें.