गाळावरचा रस्ता

इटलीच्या तोस्काना प्रांतात आरेत्सो शहराजवळ ‘भिक्षूंचा बंधारा’ नावाचा एक जुना बंधारा आहे. तिथून दक्षिणेला क्यूझी गावापर्यंत 62 किलोमीटरचा रस्ता जातो. डांबर जवळजवळ नाहीच. बारीक खडी आणि दाबून बसवलेली माती. एका बाजूला सरळ रेषेत चाललेला कालवा, दुसऱ्या बाजूला शेतं. पूर्वेच्या डोंगरउतारावर कोर्तोना, पश्चिमेच्या टेकडीवर मोंतेपुल्चानो, आणि शेवटच्या टप्प्यात दोन उथळ तळी. तळ्यांपलीकडे ओक आणि चेस्टनटच्या रानांनी झाकलेला चेतोनाचा डोंगर.

डांबरी रस्त्यांची रहदारी टाळून खडीच्या वाटांनी लांबवर सायकल मारणाऱ्यांचा एक मोठा पंथ गेल्या दहा-पंधरा वर्षांत तयार झाला आहे. त्यांच्या सायकली वेगळ्या, टायर रुंद, आणि तोस्काना ही त्यांची पंढरी. तिचं श्रेय बरंचसं ‘लेरोइका’ला जातं. 1997 साली कियांती भागातल्या गायोले गावातून जुन्या सायकलींची ही फेरी सुरू झाली, ती तिथले पांढरे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या आग्रहातून. या पंथात आरेत्सो-क्यूझी रस्त्याला फारशी किंमत नाही. चढ नाही, दम लागत नाही. मुलाबाळांना घेऊन जाण्याची वाट, असं म्हणून मंडळी चेतोनाच्या रानाकडे वळतात. मी मात्र हा रस्ता भाड्याच्या सायकलवरून, दर पुलाला थांबत, दोन दिवस पुरवून पार केला. मला तिथे नेलं ते त्याच्या नावाने: ‘सेन्तिएरो देल्ला बोनिफिका’. सेन्तिएरो म्हणजे पायवाट. ‘बोनिफिका’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न घेऊन मी निघाले होते.

शब्दाची फोड सोपी आहे. बोनिफिका म्हणजे चांगलं करणं. दलदल उपसून जमीन लागवडीखाली आणणं, हा त्याचा रूढ अर्थ. त्याच्यासमोर इटालियनने एक दुसरा शब्द उभा केला आहे, तो आपण सगळेच वापरतो: ‘माल आरिआ’, वाईट हवा. मलेरिया. मराठीने याच दुखण्याला हिवताप म्हटलं, म्हणजे अंगाला जे होतं त्यावरून नाव दिलं. इटालियनने दोष जागेवर ठेवला. जागा वाईट, म्हणून ती चांगली करायची. 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि पुढच्याच वर्षी इटलीत ग्रास्सीने माणसाच्या हिवतापाचं खापर अ‍ॅनोफिलीस डासावर फोडलं. हवा निर्दोष सुटली, पण नाव तिच्याच माथी राहिलं.

किआनाच्या या खोऱ्याइतकी बदनाम जागा मध्ययुगीन इटलीत क्वचितच असेल. दान्तेला नरकाच्या एका खंदकातली दुर्गंधी आणि यातना सांगायच्या होत्या, तेव्हा त्याने वाचकाला जुलै ते सप्टेंबरमधली किआना खोऱ्यातली इस्पितळं आठवायला सांगितली. त्या काळच्या वाचकाला एवढं पुरे होतं. पुढे 1502-04च्या सुमारास लिओनार्दोने या खोऱ्याचा नकाशा काढला, तो आज विंडसरच्या राजसंग्रहात आहे. त्यात मी ज्या रेषेवरून सायकल चालवली, तिथे रस्ता नाही, शेत नाही. निळं, फुगलेलं, लांबच लांब पाणी आहे.

मुळात किआना ही दक्षिणवाहिनी नदी. रोमन लोक तिला क्लानिस म्हणत, आणि ती टायबरला मिळून रोमकडे जाई. इसवी सन 15 मध्ये टायबरला पूर आला, तेव्हा रोमच्या सिनेटमध्ये प्रस्ताव आला, की क्लानिसचं तोंड फिरवून ती आर्नो नदीत सोडावी. टॅसिटसने ही चर्चा नोंदवली आहे. फ्लोरेन्सचे लोक गयावया करत आले: हे पाणी आमच्यावर लोटलंत तर आम्ही बुडू. इतर गावांचेही अर्ज होते. नद्यांचा मार्ग निसर्गाने ठरवला आहे, तो बदलू नये, असाही एक मुद्दा होता. शेवटी काहीच करायचं नाही असं ठरलं. पाणीवाटपाच्या आपल्याकडच्या तंट्यांची सवय असलेल्याला ते पान वाचताना परकं वाटत नाही. सतराशे-अठराशे वर्षांनी मात्र नेमकं तेच केलं गेलं, आणि तेही बहुतांशी फ्लोरेन्सहून राज्य करणाऱ्यांनी. आज किआनाचं बहुतेक पाणी उत्तरेला, आर्नोकडे वाहतं. नदी अक्षरशः उलटी फिरली.

हे घडलं कसं, ते मला सगळ्यात मनोरंजक वाटतं. खोऱ्याला उतार जवळजवळ नाही. नुसता चर खणून पाणी निघणार नव्हतं, आणि हवेचा दाब मोजणाऱ्या तोरिचेल्लीने सतराव्या शतकातच तसं बजावलं होतं. मग उपाय निघाला तो पाणी खाली नेण्याचा नव्हे, जमीन वर उचलण्याचा. सखल तुकड्याभोवती बांध घालायचा. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचं पुराचं गढूळ पाणी त्यात घ्यायचं, कोंडून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी सोडून द्यायचं. पुढच्या पुरात पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं. या पद्धतीला ‘कोल्माता’ म्हणतात. आरेत्सोचाच सुपुत्र वित्तोरिओ फोस्सोम्ब्रोनी याने 1789 साली या खोऱ्यावर ग्रंथ लिहिला आणि ही पद्धत शिस्तीने राबवली. म्हणजे आजचं सपाट शेत हा डोंगराचा झिजून आलेला अंश आहे, पुरानंतर पूर कोंडून मिळवलेला.

कोल्मातासाठी मराठीत शब्द शोधताना मी आधी कोशांत गेले आणि मग शेतात आले. नदीकाठच्या किंवा तलावाच्या उघड्या पडलेल्या गाळात केलेल्या पेरणीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. त्यावरून मी ‘गाळभरणी’ केलं, आणि ते बसलं. गोव्याच्या खाजन शेतीत बांध आहे आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करणारं दार आहे, त्याला मानस म्हणतात. कोकणात खारबंदिस्ती आहे. पाण्याला अडवून, चुचकारून जमीन मिळवण्याचं शब्दभांडार आपल्याकडे भरपूर आहे. फक्त त्यातला एकही शब्द ‘चांगलं करणं’ असा दावा करत नाही. बांध म्हणजे बांध, गाळ म्हणजे गाळ.

चांगली झालेली जमीन कोणाची झाली? बरीचशी ग्रँड ड्यूकच्या आणि सेंट स्टीफनच्या लष्करी धर्मसंघाच्या मोठ्या इस्टेटींची. 1765 ते 1790 राज्य केलेल्या पिएत्रो लेओपोल्दोच्या काळात तिथे कुळांसाठी घरं उभी राहिली. खाली गोठा, वर बिऱ्हाड, माथ्यावर कबुतरखान्याचा मनोरा. राजाच्या नावावरून त्यांना ‘लेओपोल्दिने’ म्हणतात. रस्त्यावरून ती सतत दिसतात. काही सुट्टीच्या निवासांत बदललेली, बरीच कौलं ढासळलेली. त्यांत राहणारे मेद्झाद्रो, म्हणजे अर्धलीने करणारे: निम्मं पीक मालकाचं, निम्मं त्यांचं, आणि घरातल्या लग्नालासुद्धा मालकाची संमती लागे. खोऱ्याच्या नावाचे ते प्रचंड पांढरे किआनिना बैल त्यांनीच वळवले. 1964च्या कायद्याने अर्धलीचे नवे करार बंद झाले, जुने संपायला 1982चा कायदा लागला. दरम्यान माणसं शहरांत, कारखान्यांत निघून गेली होती. कियांतीतले पांढरे रस्ते इतकी वर्षं कच्चे का राहिले, याचं एक उत्तर इथे आहे. डांबर मागायला गावात कोणी उरलं नव्हतं. इथे मला अलिबागजवळच्या खारेपाटातलं चरी आठवलं. तिथेही समुद्राकडून मिळवलेली जमीन, तिथेही पिकाच्या वाट्याचा तंटा. पण तिथल्या कुळांनी 1933 ते 1939 जमीन पडीक ठेवून खोतांशी संप लढवला. ‘सोडून जाणं’ आणि ‘न कसणं’ यांत फरक आहे.

बोनिफिकाचं पुढचं चरित्र अवघडवणारं आहे. 1928 साली मुसोलिनीने ‘संपूर्ण बोनिफिका’चा कायदा केला, रोमच्या दक्षिणेची पोन्तिना दलदल उपसली, 1932 साली तिथे लित्तोरिआ हे नवं शहर वसवलं. आजचं लातिना ते हेच. दलदल खरोखर हटली, हिवताप खरोखर घटला. पण राजवटीला शब्द आवडला होता. माणसांची बोनिफिका, संस्कृतीची बोनिफिका असं बोललं जाऊ लागलं. 1938 साली वंशविषयक कायदे आले, आणि ज्यू लेखकांची पुस्तकं शाळांतून, दुकानांतून, ग्रंथालयांतून काढून टाकण्याच्या कामाला नाव मिळालं ‘बोनिफिका लिब्रारिआ’, ग्रंथांची बोनिफिका. जागा वाईट ठरवायची, मग ती चांगली करायची; जागेऐवजी कपाट आलं इतकंच. अनुवादकाने इथे ‘शुद्धीकरण’ लिहावं का? अर्थ पोचेल, पण पाण्याचा आणि चिखलाचा वास उडून जाईल, आणि तो वासच तर त्या लोकांनी उसना घेतला होता. मी मराठीत ‘बोनिफिका’ तसाच ठेवला आहे, दलदलीच्या उताऱ्यात आणि ग्रंथांच्या उताऱ्यातही.

क्यूझीजवळ रस्ता त्या दोन तळ्यांपाशी येतो. मोंतेपुल्चानोचं तळं आणि क्यूझीचं तळं, लिओनार्दोच्या निळ्या पाण्याचा हा उरलेला ऐवज. काठाला दाट बोरू, त्यात बगळे. जी जागा वाईट म्हणून भरून काढली, तिचेच हे दोन तुकडे आता राखीव म्हणून जपले जातात. इथेच 1780 साली ग्रँड ड्यूकच्या आणि पोपच्या राज्यांनी करार करून एक आडवा बांध घालायचं ठरवलं. त्या बांधाच्या उत्तरेचं पाणी आर्नोचं, दक्षिणेचं टायबरचं. सिनेटमधल्या त्या अर्जांचा निकाल मातीच्या एका ढिगाने लावला.

तळ्याजवळ दोन जुने मनोरे समोरासमोर उभे आहेत, एक सिएनाच्या बाजूचा, एक पेरुजाच्या. त्यांची नावं ‘बेक्काती क्वेस्तो’ आणि ‘बेक्काती क्वेल्लो’. ‘घे हा!’ आणि ‘घे तो!’ संबंध प्रवासात एवढीच दोन नावं अशी भेटली, की मराठी करताना मला थांबावं लागलं नाही.