दारिद्र्य-सापळा

कुटुंबाची कमाई वाढताच सरकारी साहाय्य घटत जाऊन अल्पवेतनी नोकरीचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो, त्या स्थितीस दारिद्र्य-सापळा म्हणतात. ब्रिटनमध्ये १९७१ साली, मुले असलेल्या अल्प उत्पन्नाच्या नोकरदार कुटुंबांसाठी ‘फॅमिली इन्कम सप्लिमेंट’ ही पूरक भत्त्याची योजना सुरू झाली. विहित उत्पन्नमर्यादेला जितके कमी पडे त्याच्या निम्मी रक्कम तीत मिळत असल्याने कमाई एका पौंडाने वाढल्यास पुढील फेरतपासणीत भत्ता ५० पेन्सांनी उतरे, आणि त्यात प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याची वर्गणी व घरभाडे-सवलतीतील कपात यांची भर पडली की काही कुटुंबांना पगारवाढ तोट्याचीच ठरे. फ्रँक फील्ड व डेव्हिड पियाचॉ यांनी त्याच वर्षी ही विसंगती उघड केली.

२०१३ पासून लागू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित योजनेत निव्वळ कमाईमागे होणाऱ्या कपातीचा दर आरंभी ६५ टक्के होता. तो २०१७ मध्ये ६३ व २०२१ मध्ये ५५ टक्क्यांवर आला. तरीही प्रवास व पाळणाघर यांचा खर्च वजा जाता हाती फारसे उरत नसेल, तर नोकरी सोडण्याचा निर्णय आळसापेक्षा हिशेबाचाच अधिक असू शकतो. मात्र सबळ कारणाशिवाय ती सोडणाऱ्याचे साहाय्य काही काळ कापण्याची तरतूदही याच योजनेत आहे.