फळीखालची शेती

13व्या शतकाचा मध्य. सोंग घराण्याची राजवट. तुम्ही चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, च्वानचौ बंदरात उभे आहात. गलबतांतून मिरीची पोती आणि सुवासिक लाकडाचे ओंडके उतरतायत. हमालांना वाट देत तुम्ही एका गल्लीत वळता आणि एका घराच्या अंगणात शिरता. सातव्या महिन्याची पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली आहे. त्या दिवशी इथे घरोघर पूर्वजांपुढे नैवेद्य मांडतात आणि त्यातल्या एका पदार्थाची तयारी आजच सुरू करावी लागते.

घरातल्या आजी काळं सोयाबीन निवडतायत. किडका आणि फुटका दाणा बाजूला काढून उरलेले दाणे पाण्यात भिजत घालतात, मग त्यांना ऊन दाखवतात. साल तडकून पांढरं टोक डोकावलं, की मातीचं पसरट कुंडं पुढे ओढतात. तळाशी कोंडा आणि फोलपटं, वर वाळूचा थर, आणि त्या वाळूत दाणे. तुम्हीही चार दाणे रोवता. ओली वाळू नखांत जाते.

एवढं झाल्यावर आजी त्यावर लाकडी फळी ठेवतात, आणि तुमचा जीव खालीवर होतो. मटकीला मोड आणायचे तर आपण तिला ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. इथे नुकत्या फुटलेल्या कोंबावर वजन! पण आजींचा हात अनुभवाचा आहे. दाब आला की कोंब स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्यामुळे त्याचा देठ किडमिडीत न वाढता जाड, भरदार होतो. हे कारण पुढे कित्येक शतकांनी कळणार आहे. युक्ती मात्र या अंगणात रुळलेली आहे.

कोंब वाढू लागतात तशी फळी निघते आणि कुंड्यावर लाकडी बादली पालथी पडते. रोज पहाटे तेवढं कोवळं ऊन मिळतं, पुन्हा अंधार. वारा आणि कडक ऊन लागू द्यायचं नाही, सगळे कोंब एका उंचीचे यायला हवेत. उजेड बेताचा असल्याने हरितद्रव्य फारसं धरत नाही. पौर्णिमेला बादली उचलली जाते तेव्हा खाली फिकट पिवळ्या कोंबांचं दाट रान उभं असतं. रंग अगदी हंसाच्या पिल्लाच्या पिसांचा, आणि पदार्थाचं नावही त्याच रंगावरून पडलेलं.

कुंडं पूर्वजांपुढे मांडलं जातं. तीन दिवसांनी कोंब उपटून, धुऊन, उकळत्या पाण्यातून काढतात. वर तेल, मीठ, आंबूस शिरका, थोडे मसाले. आजी तिळाच्या रोटीत गुंडाळून तुमच्या हातात देतात. दाताखाली आधी तीळ फुटतात, मग कोंब कुरकुरतो, आणि मागून सोयाबीनचा किंचित गोडवा येतो. कोरड्या दाण्यात जेमतेम असलेलं क जीवनसत्त्वही मोड येताना वाढलेलं असतं.

आता उत्तरेकडे चला, यांगत्से आणि ह्वाई नद्यांच्या मुलखात. तिथे लिन होंग लिहीत बसला आहे. तो मूळचा च्वानचौकडचा. डोंगरातल्या घरांच्या साध्या जेवणावर त्याने ‘शान-ज्या छिंग-गोंग’ हे पुस्तक रचलं. कोंबांची ही सगळी रीत त्याच पुस्तकात आहे. कृती सांगून झाल्यावर तो लिहितो की, या मुलखात फिरता फिरता वीस वर्षं गेली, आणि या पदार्थामुळे दर वेळी पूर्वजांच्या थडग्यांजवळची झाडं आठवतात. घरी परतण्याची इच्छा पुरी करायची आहे.

त्याच्या ओळी वाचताना या पदार्थाचं मोल तुमच्या ध्यानात येतं. भात पिकवायला शेत लागतं, भाजीला वाफा लागतो. कोंबांना मूठभर दाणे, पाणी आणि झाकण पुरतं. गाव सोडलेल्या माणसालाही ही शेती करता येते. लिन होंगने कोंडा, वाळू आणि फळीइतक्याच नेमकेपणाने आपली घरची ओढही नोंदवली, म्हणून आठ शतकांनंतर हे कोंब कसे वाढवायचे याबरोबर ते कोणासाठी वाढवत, हेही आपल्याला ठाऊक आहे.