निववणारे शब्द : प्रस्तावना

चेन्नईत मे महिन्यात ‘अग्निनक्षत्रम्’, म्हणजे कडक उन्हाचा काळ, लागला की घरोघरी नीरमोर होते : पातळ ताक, त्यात आले, कढीपत्ता आणि चिमूटभर हिंग. उन्हातून आलेला माणूस पेला तोंडाला लावतो, श्वास सोडतो आणि म्हणतो, ‘इदमा इरुक्कु.’ इंग्रजीत इथे ‘सूदिंग’ हे विशेषण येईल. मराठीत काय येईल? अर्थविचाराच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याने अशाच एखाद्या साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

पहिले उत्तर सुचते ते ‘सुखद’. पण सुखद प्रवासाआधी काही दुखत असावे लागत नाही. ‘सूदिंग’ला आधी दाह, ठणका किंवा तगमग लागते. दुसरे उत्तर ‘शांत’. तो आवाजाचा गुण झाला, परिणाम नव्हे. बाळाला थोपटणाऱ्या आईचे स्वतःचे मन थाऱ्यावर नसले, तरी तिचा आवाज बाळाला शांतवतो. तिसरे उत्तर ‘शामक’. आयुर्वेदात शोधन म्हणजे दोष बाहेर काढणे आणि शमन म्हणजे तो आहे तिथेच शांत करणे. नेमका शब्द आहे. पण पित्तशामक, वेदनाशामक, अग्निशामक अशा जोडशब्दांत मुरलेला. अंगाईला ‘शामक’ म्हटले तर कानाला खटकते. मग बोलीतला ‘निवणे’ हाती लागतो. दूध निवते, डोळे निवतात, जीव निवतो. ‘निववणारा’ म्हटले की आधीची धगही त्यात आलीच.

आता मुळांकडे पाहू. जुन्या इंग्रजीत ‘सूथ’ म्हणजे सत्य. आपल्या ‘सत्’चा तो दूरचा भाऊबंद. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ आधी ‘खरे ठरवणे’ असा होता. पुढे तो दुजोरा देणे, मन राखणे असा सरकत सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘शांतवणे’पर्यंत आला. तमिळमधला ‘इदम्’ संस्कृत ‘हित’पासून आलेला. आराम एकच, पण इंग्रजी त्याच्याकडे सत्यातून आली, तमिळ हितातून, आणि मराठी थंडाव्यातून.

उसना शब्द आणि मूळ धातू वेगळे ओळखण्याचा धडा चेन्नईने फार पूर्वी दिला आहे. फोर्ट सेंट जॉर्जच्या कॉलेजशी निगडित फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ मध्ये दाखवले, की तमिळ, तेलुगू, कन्नड यांत संस्कृत शब्द कितीही असले तरी त्यांचे कूळ निराळे आहे. पुढे १९२४ ते १९३६ या काळात मद्रास विद्यापीठाने ‘तमिळ लेक्सिकन’चे सहा खंड काढले. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. आणि घरात तंजावरी मराठी, दारात तमिळ बोलणारी चेन्नईतली कुटुंबे हे तुलनेचे काम पिढ्यान्‌पिढ्या सहज करत आली आहेत.

कोश जवळ हवेतच. ते प्रतिशब्द देतात. तो शब्द कोणत्या दुखण्यावर चालतो, हे मात्र माणसांच्या तोंडूनच कळते. म्हणून वाचकाने एक वही ठेवावी. पेला रिकामा करून माणूस काय म्हणतो, ते ऐकावे. आणि त्याआधी तो कुठल्या उन्हातून आला होता, तेही शेजारी लिहावे.