चोरकप्प्यातली वीस पिस्तुलं

सावरकरांचा 1910 चा खटला म्हटला की वाचकाला मार्सेच्या बंदरात त्यांनी बोटीतून मारलेली उडी आठवते. पण अटकेचं वॉरंट, मुंबईच्या विशेष न्यायासनाचे निकाल आणि 1918 चा रौलट समितीचा अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर खटल्याचा कणा समुद्रात सापडत नाही. तो सापडतो एका स्वयंपाक्याच्या पेटीत.

वॉरंट 1881 च्या फरारी गुन्हेगार कायद्याखालचं. त्यावरून 13 मार्च 1910 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना पकडलं. आरोप पाच. राजाविरुद्ध युद्ध, राज्य उलथवण्याचा कट आणि राजद्रोही भाषणं हे तीन त्या काळच्या सरकारी दप्तरात नेहमी भेटणारे. उरलेल्या दोन्हींत शस्त्रं मिळवून वाटल्याचा उल्लेख आहे, आणि त्यांतला एक नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला जोडलेला.

ही शस्त्रं कोणती? रौलट अहवालानुसार फेब्रुवारी 1909 मध्ये सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली. लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, इंडिया हाउसमध्ये, स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होता. त्याच्या पेटीच्या तळाशी चोरकप्पा करून माल त्यात घातला गेला. पेटी मुंबईला लागण्याआधीच सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव पकडले गेले होते. अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीदाराला स्वतःची मान सोडवायची असते, हे त्याचा शब्द वाचताना विसरू नये.

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्या विसांपैकीच, असं सरकारचं म्हणणं. बाबारावांना जन्मठेप झाली त्याचा हा सूड, असं तेव्हापासून सांगितलं जातं. कान्हेऱ्यांपुरतं ते खरं असेल. पेटीला मात्र ते लागू पडत नाही. बाबारावांना शिक्षा झाली जून 1909 मध्ये. पिस्तुलं त्याच्या कितीतरी आधी निघाली होती. ती सशस्त्र उठावासाठी पाठवली, हे कागदांतून पटतं. पाठवताना जॅक्सन डोळ्यांसमोर होता, हे या तारखांतून निघत नाही.

मुंबईत न्यायासनावर सर बेसिल स्कॉट, ना. ग. चंदावरकर आणि हीटन बसले. ज्यूरी नाही, अपील नाही. लंडनहून बोटीने आणताना मार्सेला उडी मारून निसटलेल्या आणि फ्रान्सच्या भूमीवर पुन्हा पकडलेल्या माणसावर हे न्यायासन खटला चालवूच शकत नाही, हा मुद्दा मांडला गेला. आरोपी समोर हजर आहे एवढं पुरे, तो कसा आणला गेला ते आम्ही पाहणार नाही, असं न्यायासनाने ठरवलं. अडतीस आरोपींच्या पहिल्या खटल्यात डिसेंबर 1910 मध्ये सावरकरांना जन्मठेप झाली. जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या दुसऱ्या खटल्यात 30 जानेवारी 1911 रोजी आणखी एक.

इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मार्सेचा वाद हेगच्या लवादाकडे सोपवल्याचा करार ऑक्टोबर 1910 मधला, म्हणजे पहिल्या निकालाआधीचा. लवादासाठी मुंबई थांबली नाही. अटकेत अनियमितता होती, तरी कैदी परत देण्याचं बंधन इंग्लंडवर नाही, असा निवाडा हेगने 24 फेब्रुवारी 1911 रोजी दिला. तोवर दुसऱ्या जन्मठेपेलाही पंचवीस दिवस उलटून गेले होते.