लाल सोने

आपल्या तुकडीचा सुवर्णमहोत्सवी मेळावा, तेव्हा ‘तू सोन्यावरच लिही’ असा संपादक मंडळाचा हुकूम झाला. जन्मभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे सराफाच्या सोन्यापेक्षा परीक्षानळीतले सोनेच माझ्या ओळखीचे. ते पिवळे नसते, डाळिंबाच्या रसासारखे लाल असते.

1857 साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया घडवली आणि माणकासारखा लाल द्रव मिळवला. हे सोनेच आहे, फक्त अत्यंत बारीक कणांच्या रूपात, हे त्यांनी ओळखले. त्यात मीठ टाकले की रंग निळा होतो, हेही त्यांनी नोंदवले. याचे कारण असे की मिठामुळे सुटे कण एकमेकांना चिकटतात आणि प्रकाशाशी त्यांचे वागणे बदलते.

पुढे रिचर्ड झिगमाँडी यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. लाल द्रवात आधी थोडे जिलेटिन घातले, तर ते प्रथिन कणांभोवती कवच धरते आणि मीठ टाकूनही रंग टिकतो. रंग टिकायला कोणता पदार्थ किती लागतो, यावरून त्यांनी 1901 साली ‘सुवर्णांक’ ठरवला. प्रथिनांची पारख सोन्याच्या रंगावरून करायची, ही कल्पना इतकी जुनी आहे! झिगमाँडींना 1925 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

1971 मध्ये फॉक आणि टेलर यांनी सोन्याच्या कणांवर प्रतिपिंडे बसवली. प्रतिपिंड नेमक्या एकाच प्रथिनाला जाऊन धरते. त्यामुळे ते जिथे चिकटेल तिथे सोन्याचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यासारखा दिसू लागला.

मग आले 2005. मुस्तफा एल-सय्यद, त्यांचे डॉक्टर पुत्र इव्हान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या. या पेशींच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे प्रथिन जास्त असते. त्याला धरणारी प्रतिपिंडे लावलेले सोन्याचे कण कर्कपेशींवर दाटीने बसले आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकात झळकले. निरोगी पेशींवर ते तुरळक, विखुरलेले दिसले. हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा होता, तरी फॅरडेंच्या लाल द्रवाने केवढी मजल मारली होती!

मी ते संशोधन वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवत असे. त्याच सुमारास शेवटच्या बाकावरचा आपला मित्र भेटला. गालात तंबाखूची गोळी नेहमीचीच. आतला पांढरा चट्टा त्याने स्वतःच दाखवला. ‘दाखव रे कुणाला तरी,’ एवढे बोलून मी बस पकडली. सहा महिन्यांनी पुन्हा भेटलो, तेव्हाही तेच बोललो. तिसरी भेट इस्पितळात झाली. आज त्याची खुर्ची रिकामी आहे.

मित्रमैत्रिणींनो, सोन्याचे कण आपल्या गावच्या दवाखान्यात येतील तेव्हा येतील. तोवर आरसा आणि उजेड पुरे. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि मित्राच्या तोंडात दिसली, तर नुसते सांगू नका. त्याला हाताला धरून घेऊन जा.